अजिंठा-वेरूळ यंदा राहू द्या, आधी तेरला जाऊन या

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी लातूरला राहते, पतसंस्थेत नोकरीला आहे. घरी सासूबाई, मिस्टर, सातवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. मागच्या दिवाळीत मोठ्या हौसेनं अजिंठा-वेरूळचा बेत केला. पहाटे तीनला उठून दोन वेळचा डबा केला, गाडी ठरवली. एका दिवसात देवगिरी, वेरूळ, मकबरा. दुसऱ्या दिवशी अजिंठा. मुलगा दुसऱ्याच लेणीत कडेवर आला. मुलगी मोबाईलमध्ये. सासूबाईंचे गुडघे सुजले. परतताना मिस्टर म्हणाले, 'दगडं बघायला एवढा पैसा घातला, त्यापेक्षा वॉटर पार्क बरं होतं.' तेव्हापासून मी सहलीचा विषय काढला की घरात सगळे हसतात. यंदा भाऊबीजेनंतर चार दिवस मोकळे आहेत. लेकरांना आपला इतिहास दाखवावा असं मला मनापासून वाटतं. माझा हट्ट चुकीचा आहे का? सासूबाईंचं म्हणणं, एवढं जायचंच तर देवाला जाऊ. जवळपास असं काही सांगा जिथं त्यांनाही बरं वाटेल आणि खर्च बेताचा होईल. आणि परत आल्यावर मुलीकडून निबंध लिहून घेतला तर बघितलेलं लक्षात राहील का?"
एक वाचक भगिनी, लातूर

ताई, हट्ट चांगला आहे. बेत मात्र असा होता की तो धडधाकट माणसालाही झेपला नसता. लातूरहून छत्रपती संभाजीनगर गाठायलाच पाच-सहा तास जातात आणि तिथून अजिंठा आणखी शंभरेक किलोमीटर. वेरूळला ३४ लेणी आहेत. देवगिरी किल्ला म्हणजे शेकडो पायऱ्या. हे सगळं दोन दिवसांत, पहिलीतल्या पोराला आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन! मिस्टरांवर रागावू नका. भर दुपारी देवगिरी चढून उतरलेल्या कुणालाही वॉटर पार्क आठवेल.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. एक दिवस, एकच गाव, तेही दीड तासाच्या आतलं, आणि बघण्याचं मुख्य काम दुपारच्या जेवणाआधी संपलेलं. काहीतरी बघायचं राहिलं पाहिजे. सगळं उरकून आलेली लेकरं पुन्हा तिकडं फिरकत नाहीत.

तुम्ही लातूरच्या, म्हणून माझं पहिलं बोट धाराशिव जिल्ह्यातल्या तेरकडे. मुरूड, ढोकी या वाटेनं जाता येतं. दिवाळी झाल्यावर सकाळी हवेत गारवा असतो, तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते, ज्वारी उगवून वर आलेली असते. आठला निघालात तर संग्रहालय उघडायच्या सुमाराला पोचाल. (ऑक्टोबरात जाऊ नका. ते ऊन आपल्याकडं उन्हाळ्यालाही लाजवतं. भाऊबीजेनंतरचे दिवस निवडलेत ते उत्तम केलंत.)

तेर म्हटलं की आपल्या लोकांना गोरोबाकाका आठवतात, आणि तिथंच तुमच्या सासूबाईंचा प्रश्न सुटतो. तेरणेच्या काठी काकांची समाधी आहे. आधी तिथं जा, त्यांना निवांत दर्शन घेऊ द्या, हवं तेवढा वेळ बसू द्या. तोवर लेकरांना मडक्यांच्या परीक्षेची गोष्ट सांगा. संतमंडळी जमली होती आणि मुक्ताई म्हणाली, काका, तुम्ही कुंभार, यातलं कच्चं मडकं कुठलं ते बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले, आणि कच्चे ठरले. तुमचा मुलगा दिवसभर सगळ्यांची डोकी थापटत फिरेल याची तयारी ठेवा. मुलीला एवढं जरूर सांगा की एवढ्या मोठ्या लोकांची परीक्षा घ्यायला लावणारी मुक्ताई त्या वेळी वयानं लहानच होती. चिखल तुडवताना मूल पायाखाली आल्याची गोष्ट पहिलीतल्या पोराला नको. ती आजीनं आपणहून सांगितली तर विषय बदला.

मग संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर पाऊस पडून गेला की मातीतून जुन्या वस्तू उघड्या पडतात. लोकांना ती खापरं वाटायची. लामतुऱ्यांनी ती वेचून जपली, आणि त्या साठ्यातून आजचं शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्याला नावही त्यांचंच आहे. मुलांना पहिल्यांदा हे सांगा. राजाचं नाव आणि सनावळी त्यांना आपली वाटत नाही, पण पावसानंतर चिखलात काहीतरी शोधत हिंडणारा माणूस त्यांना लगेच कळतो.

हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं. भडोचहून ते जहाजानं पुढं. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर त्या काळचे सातवाहन राजे सहावीत शिकून झालेत. तिला विचारा, ढोकीच्या रस्त्यानं बैलगाडी हाकत भडोचला जायला किती दिवस लागले असतील? उत्तर तिचं तिला काढू द्या. मोबाईलवरचा नकाशा या कामाला लावला की मोबाईलचं भांडणही मिटतं.

आत गेल्यावर सगळी कपाटं बघत बसू नका. माझी कळकळीची विनंती समजा. प्रत्येकानं फक्त तीन वस्तू निवडायच्या आणि त्यांच्यापुढं थांबायचं. मातीचे दिवे शोधा: चारच दिवसांपूर्वी तुमच्या उंबऱ्यावर पणत्या होत्या, लेकरांना दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. शंखाच्या बांगड्या आहेत, मणी आहेत, नाणी आहेत. सासूबाईंना बांगड्यांपाशी उभं करा आणि विचारा, ही कशी घडवली असेल? जुन्या बायका हातकामाबद्दल जे बोलतात ते फलकावर लिहिलेलं नसतं.

मुलीसाठी एक गोष्ट राखून ठेवा. तेरच्या मातीत हस्तिदंताची एक बाहुली सापडली. तसलीच एक हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेई नावाच्या गावात सापडली. ते गाव इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं, आणि राख उपसताना १९३८ साली ती मूर्ती हाती लागली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच धाटणीची बाहुली मिळालीय. म्हणजे आपल्याकडच्या कारागिराच्या हातची शैली समुद्रापार गेली होती. आता पाँपेईची ती मूर्ती नेमकी तेरची की भोकरदनची की आणखी कुठली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तो तसाच मुलीपुढं ठेवा. सातवीतल्या मुलांना ठरलेल्या उत्तरापेक्षा मोठ्यांचा न मिटलेला वाद जास्त आवडतो. संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनाही त्या बाहुलीबद्दल विचारायला लावा. प्रश्न मुलीनं विचारायचा, तुम्ही नाही.

तिथून त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, मागून गोलाकार, हत्तीच्या पाठीसारख्या छताचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, असावं आणि नंतर ते विष्णूचं मंदिर झालं असं अभ्यासक मानतात. वेरूळ-अजिंठ्याचे चैत्य डोंगरात खोदलेले असतात. इथं तोच आकार विटांनी बांधलेला, मोकळ्या गावात उभा आहे, आणि गर्दी नाही. आत तिसरं पाऊल उचललेला वामन. पाडव्याला तुमच्या घरी ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हटलं असेलच. त्याच बळीची ही गोष्ट. मुलाला त्रिविक्रमासारखा एक पाय वर उचलून उभा राहायला सांगा, किती वेळ टिकतो बघा. आणि तो पडल्यावर विचारा, राजा चांगला होता तर त्याला पाताळात का घातलं? मी तर म्हणेन, उत्तर द्यायची घाईच करू नका. आजी एक सांगेल, बाबा दुसरं सांगतील. गाडीतला अर्धा तास त्यात जाईल.

एवढं झालं की दुपार होते. सावली बघून जेवायचं आणि घरी. तिथलं उत्तरेश्वराचं देऊळ राहिलं तर राहू द्या. आणि हो, टेकाडावर लेकरांना खापराचा तुकडा सापडला तर बघून तिथंच ठेवायला सांगा. 'शोपीस' म्हणून घरी आणायचं नाही. लामतुऱ्यांनी वेचलं ते गावाला मिळालं, आपण वेचलेलं आपल्या टीव्हीच्या कपाटात पडून राहतं.

डब्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. पहाटे तीनला उठून तुम्ही एकटीनं डबा करणार असाल तर सहल काढूच नका. दमलेल्या आईबरोबर इतिहास बघायला कुठल्याच लेकराला मजा येत नाही. घरात दिवाळीचा चिवडा, शेव, शंकरपाळे आहेतच. आदल्या रात्री धपाटे करा, तेही पीठ मिस्टरांनी मळून दिलेलं, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. वाटेत सीताफळं मिळाली तर घ्या, हंगाम सरत आलेला असतो. पाणी मात्र भरपूर न्या. स्वच्छतागृहाची सोय लहान गावात भरवशाची नसते, म्हणून संग्रहालयात पोचल्याबरोबर सगळ्यांनी एकदा जाऊन यायचं, कुणाला लागली असो वा नसो.

दुसरा दिवस काढायचाच असेल तर मध्ये एक दिवस घरी झोपा काढा आणि मग नळदुर्ग. तो थोडा लांब आहे, पण वॉटर पार्कवाल्या मिस्टरांसाठी हाच किल्ला. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात खोल्या आहेत. हा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमाराला बांधला. नदीला भरपूर पाणी असलं की ते नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून कोसळतं, आणि आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला पाणी समोरून पडताना दिसतं, तो मात्र कोरडा. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला तर दिवाळीनंतरही धार मिळते. नाही मिळाली तरी भिंतीतून वाट काढत खाली उतरणं हीच पोरांना गंमत. हात मात्र सोडू नका, बुरूज आणि बंधारा दोन्हीकडे कठड्याचा भरवसा धरायचा नाही.

आणि हा किल्ला फक्त आदिलशाहीचा नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबादच्या दिशेनं निघाल्या तेव्हा नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल पहिल्याच दिवशी, १३ तारखेला, ताब्यात घेतला गेला. १७ ला निजाम शरण आला. शाळेत दरवर्षी मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं, पण ते कशाचं हे लेकरांना धड माहीत नसतं. तुमच्या सासूबाईंनी वडिलांकडून, चुलत्यांकडून रझाकारांच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. लातूर-धाराशिवकडच्या त्या पिढीतलं बहुतेक प्रत्येक घर त्यातून गेलंय. त्यांना किल्ला चढवू नका. आतल्या सपाटीवर सतरंजी टाका आणि नातीला त्यांच्याजवळ बसवून तुम्ही तिघं हिंडून या. परत आल्यावर मुलगी कदाचित तुमच्यापेक्षा जास्त शिकलेली असेल.

तुळजापूर वाटेत पडतं म्हणून दर्शन त्याच दिवशी उरकू, असा मोह होईल. नको. रांगेत किती वेळ जाईल हे देवीलाच ठाऊक. मग किल्ल्यावर चारला पोचाल, सगळे भुकेले आणि चिडलेले. देवीचा दिवस वेगळा धरा.

सबंध दिवस नसेल, अर्धाच असेल तर औशाचा किल्ला. तुमच्यापासून वीसेक किलोमीटर. भुईकोट असल्यानं चढ जवळजवळ नाही, खंदक आणि दुहेरी तटबंदी बघून दुपारी घरी. उदगीरचा किल्ला मुलीच्या कामाचा: फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथं हरवलं आणि वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. सातवीच्या पुस्तकातलं पानिपत इतकं जवळून सुरू झालं हे तिला माहीत नसणार. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन होतं आणि हत्तीखान्यात, म्हणजे शिवलेणीत, अंगणात दगडी हत्ती आहेत. लहान पोर असलेल्या घरांना मी अंबाजोगाई नेहमी सुचवते, कारण हत्ती. दुसरं कारण लागत नाही.

वेरूळचं काय? मुलगा दहा-अकराचा झाला की जा, मुक्कामानं जा, आणि त्या दिवशी फक्त वेरूळ. मंगळवारी ते बंद असतं, अजिंठा सोमवारी. उघडताच सरळ १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यात शिरा आणि मुलांना एकच प्रश्न टाका: हे खालून वर बांधलं की वरून खाली खोदलं? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी डोंगर वरून कोरत आणला, हे त्यांनी बघून ओळखलं तर तासभर हलणार नाहीत. मग १० क्रमांकाचं चैत्यगृह. तिथं दगडात लाकडी वाशांसारखं छत कोरलंय, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. बस्स, एवढंच. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर तिकीट पडत नाही, तेव्हा 'पैसे भरलेत तर सगळं बघून घ्या' हा हिशेबही करू नका. लेण्यांच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. ती दिसली की आवाज बंद, दगड मारायचा नाही, खाली धूर करायचा नाही, अंगाला उग्र अत्तर नको. ही गोष्ट लेकरांना गाडीतच नीट समजावा.

राहिला निबंध. लिहून घेऊ नका, ताई. पुढच्या वेळी संग्रहालयाच्या दारातच ती विचारेल, 'यावर पण लिहायचंय का?', आणि तिथंच विषय संपला. त्यापेक्षा तिच्या हातात मोबाईल द्या आणि सांगा, दिवसभरात दहाच फोटो काढायचे, जास्त नाही. दहाच म्हटलं की कशाचा काढायचा आणि कशाचा सोडायचा हे ठरवावं लागतं, आणि ठरवायला नीट बघावं लागतं. संध्याकाळी ते फोटो मामाला, आत्याला पाठवू द्या. ते विचारतील, हे काय आहे? तिला सांगावंच लागेल. जिथं फोटोला मनाई असेल तिथं वहीत चित्र. पोराला नुसते रंग द्या, तो काय काढतो ते त्याचं त्यानं बघावं.

जाण्याचा वार तेवढा नीट बघा. शासकीय संग्रहालयं सहसा सोमवारी आणि सणाच्या सुट्टीला बंद असतात, आणि भाऊबीजेच्या आसपास हे दोन्ही एकत्र येऊ शकतं. आदल्या दिवशी चौकशी करा. ते काम मिस्टरांकडे द्या, आणि परतीच्या वाटेवर कुठल्या ढाब्यावर चहा घ्यायचा हेही त्यांनाच ठरवू द्या.